दमसास, शय्या आणि आत्मकथनाचा कर्ता

मराठी वाङ्मयचर्चेत 'श्वास' हा शब्द बहुधा सहजतेचा पर्याय म्हणून येतो. कविता श्वासासारखी यावी, भाषा श्वासाइतकी स्वाभाविक असावी, अशा अर्थाची विधाने इतकी रूढ आहेत की त्यांमागील गृहीतकांकडे लक्ष जात नाही. श्वास विनासायास येतो, तो ज्याचा त्याचा असतो आणि तो घेण्यासाठी दुसऱ्या कोणाची गरज पडत नाही, ही ती तीन गृहीतके होत. मानेतील मज्जारज्जूला इजा होऊन चारही अवयव निकामी झाले, म्हणजे ज्याला क्वाड्रिप्लेजिया म्हणतात ती अवस्था आली, की ही तिन्ही गृहीतके एकाच वेळी ढासळतात. म्हणून ही अवस्था केवळ वैद्यकाचा विषय राहत नाही. आत्मपर लेखनाचा 'मी' कोणत्या देहावर उभा आहे, हा समीक्षेचा प्रश्नही ती उपस्थित करते.

मराठीजवळ श्वासासाठी आणखी एक शब्द आहे, आणि तो गायकांच्या बैठकीतून आलेला आहे. तो शब्द म्हणजे दमसास. श्वास मिळालेला असतो, दमसास कमवावा लागतो. तो रियाजाने वाढतो, खंड पडला की घटतो आणि गुरूच्या कानाखाली तयार होतो. क्वाड्रिप्लेजियातील माणसाच्या बोलण्याचा आणि लिहिण्याचा विचार श्वासाच्या रूपकातून न करता दमसासाच्या संकल्पनेतून केला, तर आत्मकथनविषयक चर्चेची काही जुनी कोडी निराळी दिसू लागतात.

यासाठी प्रथम देहाची वस्तुस्थिती पाहणे आवश्यक आहे. श्वासपटलाला चालना देणारे चेतातंतू मानेतील मज्जारज्जूच्या ३ऱ्या ते ५व्या खंडातून निघतात. इजा त्यांच्या वर असेल तर यंत्राविना श्वास चालत नाही. ती खाली असेल तर श्वासपटल काम करीत राहते. परंतु बरगड्यांमधील आणि पोटाचे स्नायू मेंदूच्या आज्ञेबाहेर जातात. योगशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर पूरक बऱ्याच अंशी उरतो आणि जोरकस रेचक जातो. याचे परिणाम दूरगामी असतात, कारण खोकला हा रेचकाचा आणि बोलणे हे रेचकाच्या नियमनाचे कार्य आहे. खोकता न आल्याने छातीत कफ साठतो, आणि अशा रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत श्वसनाचे विकार येतात. बोलताना वाक्य मध्येच तुटते, आवाज लहान होतो, शब्द श्वासाच्या हिशेबाने निवडावे लागतात. पहिल्या काही महिन्यांत छातीची भिंत शिथिल असते. पुढे स्नायूंना ताठरपणा येतो आणि क्षमता काहीशी सुधारते. उरलेले सरावाने मिळवावे लागते. अडथळ्याविरुद्ध श्वास ओढणे, एका श्वासावर दुसरा रचून छाती भरणे, घशाने हवेचे घोट घेणे, एका दमात किती अंक मोजता येतात हे रोज ताडून पाहणे, असे या सरावाचे स्वरूप असते. त्याला रियाज म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

नागपूरच्या वाचकाला पूरक, कुंभक, रेचक हे शब्द अपरिचित नाहीत. रामनगरातील जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने ते गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या शहराच्या घराघरांत पोचविले. त्या परंपरेचा मूलक्रम मात्र येथे उलटा होतो. पातंजल योगसूत्रांत आसन स्थिर झाल्यानंतर प्राणायाम सांगितला आहे; आधी बैठक, मग श्वास. क्वाड्रिप्लेजियात बहुधा आडवे असताना श्वास अधिक भरतो. बसविले की पोटातील अवयव खाली ओघळतात, श्वासपटल सपाट होते आणि त्याचा पल्ला घटतो. म्हणून पोटाला पट्टा बांधावा लागतो. ज्या बैठकीला संस्कृतीने साधनेची, विद्वत्तेची आणि लेखनाची मुद्रा मानले, ती बैठक येथे श्वास हिरावते, आणि जिला केवळ आजारपणाची जागा मानले ती शय्या श्वास देते. साहित्यातील अंथरुणाला खिळलेल्या पात्रांना समीक्षा सहसा ऱ्हासाचे प्रतीक म्हणून वाचते. आडवा देह म्हणजे पराभूत देह हे समीकरण किती सांकेतिक आहे, हे या एका शारीर तथ्यावरून ध्यानात यावे.

श्वास आणि पद्यपंक्ती यांच्या नात्याचा सिद्धांत आधुनिक काळात चार्ल्स ओल्सन या अमेरिकन कवीने १९५० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडला. पंक्तीचे माप छंदशास्त्रातून न घेता कवीच्या स्वतःच्या श्वासातून घ्यावे, हा त्याचा आशय. मुक्तछंदाच्या समर्थनासाठी तो उपकारक ठरला. पण त्यातला श्वास स्वायत्त, निरोगी आणि एकट्याचा आहे. कॅलिफोर्नियातील कवी मार्क ओब्रायन याला १९५५ मध्ये बालपणी पोलिओ झाला आणि त्याचे बहुतेक आयुष्य लोहफुप्फुस नावाच्या यंत्रात गेले. त्याच्यावरील 'ब्रीदिंग लेसन्स' या १९९६ च्या लघुपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले. कारण मज्जारज्जूची इजा नसले तरी सैद्धांतिक प्रश्न तोच आहे. ज्याच्या श्वासाचे अंतर यंत्र ठरविते, त्याच्या पंक्तीचे माप कोणाचे? त्याने कविता लिहिल्या हे तर निर्विवाद आहे. तेव्हा उणीव सिद्धांतात आहे, असेच म्हणावे लागते. यती ही केवळ कवीची निवड नसून कधी ती देहाने, कधी यंत्राने, कधी सोबत्याने घातलेली असते, आणि तरीही ती अर्थपूर्ण होऊ शकते.

गद्यात हाच प्रश्न ख्रिस्तोफर रीव्ह याच्या 'स्टिल मी' या १९९८ च्या आत्मकथनात दिसतो. मे १९९५ मध्ये घोड्यावरून पडून या नटाच्या मानेतील वरच्या दोन मणक्यांपाशी इजा झाली. त्याचे बोलणे कृत्रिम श्वसनयंत्राच्या तालावर चाले आणि त्याचे पुस्तक तोंडी सांगून झालेले आहे. शीर्षकातच श्लेष आहे: अजूनही मीच, आणि निश्चल मी. यंत्राविना काही श्वास, मग काही मिनिटे, अशी त्याच्या सरावाची प्रगती होत गेली. पुढे २००३ मध्ये श्वासपटलाला विद्युत्-चालना देणारी शस्त्रक्रियाही झाली. परंतु या आत्मकथनाची रचना विजयकथेची आहे. तिचे लक्ष पूर्ववत् होण्याकडे लागलेले असते, आणि अपंगांच्या चळवळीतून त्यावर टीका झाली ती याच कारणाने. याउलट मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्फी याने 'द बॉडी सायलेंट' या १९८७ च्या ग्रंथात, मज्जारज्जूतील गाठीमुळे स्वतःचे शरीर क्रमाक्रमाने निकामी होत असताना, ना आजारी ना निरोगी अशा उंबरठ्यावरच्या अस्तित्वाचे विश्लेषण केले. एकाचे लेखन प्रवासाचे आहे, दुसऱ्याचे वस्तीचे.

या दुसऱ्या प्रकारच्या लेखनाला स्थळ असते, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. मानेच्या पातळीवर इजा झालेल्या देहाला इजेखालच्या भागात घाम येत नाही, म्हणून तो बाहेरच्या तापमानाबरोबर तापत जातो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा कूलर, वाळ्याचे पडदे, अंगावर फिरविलेले ओले फडके आणि वीज न जाणे या गोष्टी अशा माणसाच्या शरीराचाच भाग होतात. अशा देहाने या शहरात आत्मकथन सांगितले तर त्यातील 'मी'ची सीमा त्वचेपाशी संपणार नाही. परदेशी विजयकथेचा साचा तिला जसाच्या तसा लागू पडणार नाही, तो या कारणामुळे.

मराठीत अपंगत्वाच्या अनुभवाचे विशेष वाचले गेलेले आत्मकथन म्हणजे नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची'. किशोरवयात कमरेखालचा भाग निकामी झालेल्या या लेखिकेने कोल्हापुरात १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. त्यांच्या कथनाचे केंद्र शीर्षकातच आहे: बसणे आणि फिरणे. हात आणि श्वास शाबूत असलेल्या देहाची ती कथा आहे. म्हणून स्वावलंबन हे तिचे मूल्य होणे स्वाभाविक होते. पण तिच्या स्वागतात 'जिद्द' आणि 'प्रेरणा' या शब्दांची जी रेलचेल झाली, तिने एक निकष नकळत रूढ केला. जो जितका स्वतः करतो, तितके त्याचे आत्मकथन थोर. या निकषावर क्वाड्रिप्लेजियातील माणूस उभाच राहू शकत नाही.

विदर्भाच्या भूमीत याला जवळचा, पण वेगळा असा एक वाङ्मयीन दाखला सापडतो. नागपुरात कायद्याचे शिक्षण घेतलेले बाबा आमटे मणक्याच्या विकारामुळे उत्तरायुष्यात बसू शकत नसत; एक तर उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे. १९८५ मध्ये कन्याकुमारीहून निघालेल्या भारत जोडो अभियानात तरुण सायकलींवर होते आणि बाबा गाडीतील शय्येवर. त्यांचे चारही अवयव निकामी झालेले नव्हते आणि आवाज अखेरपर्यंत वक्त्याचा होता, हा फरक विसरता येत नाही. तथापि बैठक गमावलेल्या देहाने सार्वजनिक वाणी टिकविल्याचे मराठीतील ते ठळक उदाहरण आहे. १९६४ मधील 'ज्वाला आणि फुले' हे त्यांचे पुस्तक रमेश गुप्ता यांच्या शब्दांकनातून आलेले आहे, आणि साधनाताई आमटे यांच्या आत्मकथनाचे नाव 'समिधा' असे आहे. ही दोन शीर्षके शेजारी ठेवली की एक अर्थरचना दिसते. एकाकडे ज्वाला, दुसरीकडे तिचे इंधन. मराठी समीक्षेने ज्वाला काव्य म्हणून वाचली आणि समिधा त्यागकथा म्हणून. समिधेविना ज्वालेला भाषा नाही, हे वाङ्मयीन विधान म्हणून क्वचितच मांडले गेले. सेवा हा शब्द इतका पवित्र ठरला की तिच्यातील श्रम, कौशल्य आणि सहकर्तृत्व दिसेनासे झाले.

कर्त्याची एकसंध कल्पना सोडण्यासाठी मराठीला बाहेर जावे लागत नाही. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीतच लेखनिक सच्चिदानंदबाबांचा उल्लेख आहे. विदर्भातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे ग्रंथ इतरांच्या हातांनी उतरले. आधुनिक काळात दया पवार यांच्या १९७८ च्या 'बलुतं'मध्ये सांगणारा दगडू आणि लिहिणारा पवार असे दोन 'मी' आहेत, आणि त्या दुभंगातच त्या आत्मकथनाचे सामर्थ्य आहे हे समीक्षेने मान्य केले. दलित आत्मकथनांच्या चर्चेने अनुभवावर अधिकार कोणाचा हा प्रश्न मराठीत आणला. अपंगत्वाच्या लेखनाबाबत तो प्रश्न अजून दयेच्या आणि कौतुकाच्या आड अडकला आहे.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. सहकर्तृत्व मान्य केले तर आधीच दबलेला आवाज सोबत्याच्या आवाजात विरून जाणार नाही काय? महाराष्ट्रात ही भीती निराधार नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत अंथरुणावर होत्या, आणि त्यांच्या वतीने काय बोलायचे यावर इतरांनी वाद केला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या निकटच्या मित्राचे स्थान अर्जदार लेखिकेला न देता, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना दिले. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी बोलणे हा तो प्रश्न होता. क्वाड्रिप्लेजियातील माणूस बोलतो, हळू बोलतो, तुटक बोलतो. त्याच्या विरामात दुसऱ्याने वाक्य पुरे करणे आणि विराम संपेपर्यंत थांबणे, या दोन कृतींमधील अंतर हेच येथे नीतीचे आणि शैलीचेही अंतर आहे. शब्दांकनकाराने तुटलेली वाक्ये सुबक केली तर दमसासाचा पुरावाच पुसला जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोठ्या आधाराची गरज असलेल्या व्यक्तींचा वेगळा विचार केला. आधार घेतल्याने व्यक्तीचे कर्तेपण उणावत नाही, एवढे तरी समीक्षेने त्यापासून घ्यावे.

अशा लेखनासाठी मराठी काव्यशास्त्रात एक जुना आधार उपलब्ध आहे, तो म्हणजे जात्यावरची ओवी. तिची अक्षरसंख्या लवचीक असते, कारण तिचे माप दळण्याच्या श्रमाने आणि श्वासाने ठरते. समोरासमोर बसलेल्या दोघी एकच खुंटा धरतात. एकीचा दम सरला की दुसरी ओळ उचलते. ती ओवी कोणाची, असा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही, आणि तरीही प्रत्येकीचे दुःख तिचेच असते.

खोकता न येणाऱ्या माणसाला खोकविण्याची एक पद्धत आहे. तो श्वास भरून घेतो, खूण करतो. सोबती त्याच्या पोटावर तळहात ठेवून त्याच क्षणी वर दाब देतो. क्षण चुकला तर कफ निघत नाही. वेळ रुग्ण ठरवितो, बळ सोबत्याचे असते, आणि मोकळा झालेला श्वास रुग्णाचा असतो. त्यानंतर उच्चारलेल्या वाक्याचा कर्ता तोच, पण एकटा नाही. या वाक्याला दुबळे न मानता ऐकण्याइतका दमसास मराठी समीक्षेला कमवावा लागेल.