'सॉरी वुई मिस्ड यू' : स्वतंत्र कंत्राटदार आणि अनुपस्थित संघटना

प्रस्तावना

कारखान्याचे फाटक, भोंगा, पाळी सुटल्यावरची सभा आणि संप या प्रतिमांतून कामगारजीवनाचे चित्रण करण्याची एक रूढ पद्धती चित्रपटमाध्यमात आहे. पार्सल वाटपाच्या आजच्या व्यवसायात या प्रतिमांपैकी एकही उरत नाही. तेथे चालक सकाळी डेपोत येतो, व्हॅन भरतो आणि दिवसभर एकटा असतो. कागदोपत्री तो कामगार नसतोच. तो 'स्वतंत्र कंत्राटदार' असतो. या बदललेल्या श्रमसंबंधाला कलारूप देण्याचा एक गंभीर प्रयत्न म्हणून केन लोच यांच्या 'सॉरी वुई मिस्ड यू' (२०१९) या ब्रिटिश चित्रपटाचा विचार करावा लागतो. त्याची पटकथा पॉल लॅव्हर्टी यांची आहे. चित्रपटावरील चर्चेचा भर सामान्यतः कुटुंबाच्या वाताहतीवर राहतो. प्रस्तुत लेखात मात्र एका वेगळ्या बाजूचा विचार केला आहे. या चित्रपटात कामगार संघटना कोठे आहे, आणि ती नसेल तर तिच्या नसण्याचा अर्थ काय, हा तो प्रश्न होय.

शब्दांची अदलाबदल

चित्रपटाचा नायक रिकी टर्नर हा न्यूकॅसल शहरात राहणारा, बांधकाम क्षेत्रातील निरनिराळी कामे केलेला मनुष्य आहे. २००८ च्या आर्थिक अरिष्टात त्याच्या कुटुंबाचे स्वतःच्या घराचे स्वप्न हुकले आहे. चित्रपटाचा आरंभ एका मुलाखतीने होतो. डेपोचा प्रमुख मॅलोनी रिकीला नव्या व्यवस्थेची भाषा शिकवतो. येथे कोणाला नोकरीवर घेतले जात नाही, सोबत घेतले जाते. कंपनीसाठी काम करायचे नसते, कंपनीबरोबर करायचे असते. वेतन नाही, शुल्क आहे. वरवर पाहता हा केवळ शब्दांचा फेरफार वाटतो. वस्तुतः 'वेतन' हा शब्द जाताच किमान वेतन जाते, 'नोकरी' जाताच रजा जाते, आणि 'मालक' हा शब्दच पुसला गेल्यावर वाटाघाटी कोणाशी करायच्या हा प्रश्नही निरर्थक होतो. संघटनेची जमीन या पहिल्याच प्रसंगात काढून घेतलेली आहे. रिकीला मात्र तो स्वतःच्या धंद्याचा आरंभ वाटतो.

या भाषेला पुढे वस्तूंचे रूप येते. व्हॅनच्या अनामत रकमेसाठी रिकीची पत्नी अ‍ॅबी हिची मोटार विकली जाते. अ‍ॅबी वृद्ध व आजारी लोकांची घरोघर जाऊन शुश्रूषा करते. तिला आता बसने फिरावे लागते. म्हणजे एका कामगाराच्या 'स्वातंत्र्याचे' भांडवल दुसऱ्या कामगाराच्या श्रमातून उभे राहते. चालकाच्या हातातील स्कॅनर वेळ, मार्ग आणि थांबा यांची नोंद ठेवतो. चालक दोन मिनिटांहून अधिक काळ व्हॅनबाहेर राहिला तर तो वाजू लागतो. सहकारी रिकीला लघवीसाठी रिकामी बाटली देतो, या प्रसंगात विनोद आहे तशी अनुभवी कामगाराने नवख्याला दिलेली दीक्षाही आहे. पूर्वीच्या कामाच्या ठिकाणी जुना कामगार नव्याला हक्क सांगत असे. येथे तो फक्त तगून राहण्याची युक्ती सांगू शकतो.

बदली चालकाचे कलम

या व्यवस्थेचा गाभा बदली चालकाच्या अटीत आहे. रिकीला घरच्या अडचणीसाठी सुटी हवी असते. त्याने आपल्या जागी दुसरा चालक शोधावा, नाही तर दंड भरावा, असे त्याला सांगितले जाते. चित्रपटात ही अट फासासारखी आहे. कायद्याच्या भाषेत मात्र तीच अट स्वातंत्र्याचा पुरावा ठरू शकते. ब्रिटिश कायद्यात पूर्ण नोकरदार, मर्यादित हक्क असलेला 'वर्कर' आणि स्वयंरोजगारी अशा तीन श्रेणी आहेत. स्वतः काम करण्याचे बंधन नसणारी, आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकणारी व्यक्ती तिसऱ्या श्रेणीकडे झुकते. अन्नपदार्थ पोहोचविणाऱ्या डिलिव्हरू कंपनीच्या स्वारांच्या वतीने आयडब्ल्यूजीबी या संघटनेने सामूहिक वाटाघाटींसाठी मान्यता मागितली होती. २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने संघटनेचे म्हणणे फेटाळले, आणि स्वारांना असलेली बदलीची व्यापक मुभा त्या निर्णयात महत्त्वाची ठरली.

तेथील मुभा आणि चित्रपटातील सक्ती एकरूप नाहीत, हे मान्य करावे लागेल. तरीही एकाच प्रकारची तरतूद कागदावर हक्क आणि दैनंदिन व्यवहारात शिक्षा कशी होऊ शकते, हे चित्रपटाने या निर्णयाच्या चार वर्षे आधी दाखविले होते. त्याची विश्लेषणशक्ती येथे विशेषत्वाने जाणवते.

छायाचित्रातील संघटना

संघटनेचा प्रत्यक्ष उल्लेख डेपोत येत नाही. तो येतो अ‍ॅबीच्या कामाच्या ओघात. तिच्या देखरेखीखालील एक वृद्ध स्त्री तिला जुनी छायाचित्रे दाखविते. १९८४ च्या खाणकामगारांच्या संपात संपकऱ्यांसाठी चालविलेल्या सामुदायिक स्वयंपाकघराची ती छायाचित्रे आहेत. अ‍ॅबीचे कामाचे तास ऐकून आठ तासांच्या दिवसाचे काय झाले, असे ही वृद्धा विचारते. प्रश्न साधा आहे. परंतु अ‍ॅबीपाशी त्याला उत्तर नाही. संघटना या चित्रपटात जिवंत स्मृती म्हणून आहे, पण ती उरली आहे एका थकलेल्या शरीरापाशी. आणि त्या शरीराची काळजी घेणारी स्त्री स्वतः शून्य-तास करारावर, म्हणजे कामाच्या तासांची हमी नसलेल्या अटींवर राबते. ईशान्य इंग्लंडच्या कोळसापट्ट्याचा इतिहास लक्षात घेता न्यूकॅसलची निवड किती अर्थपूर्ण आहे, हे या एका दृश्यातून स्पष्ट होते.

लोच यांच्या पूर्वीच्या चित्रपटांशी तुलना केल्यास हा बदल अधिक ठळक होतो. 'ब्रेड अँड रोझेस' (२०००) मध्ये लॉस एंजेलिसमधील सफाई कामगारांचे संघटन हाच कथेचा कणा होता. 'द नॅव्हिगेटर्स' (२००१) मध्ये रेल्वेच्या खासगीकरणानंतर कामगारांची जुनी टोळी विस्कटताना दिसते. २०१९ मध्ये विस्कटण्यासाठीही टोळी उरलेली नाही. एका चालकाचा मार्ग काढून घेतला जातो आणि तो रिकी स्वीकारतो. त्या चालकाच्या बाजूने सामूहिक नकार उभा राहत नाही. रिकी दुष्ट नाही. त्याच्यावर व्हॅनचे कर्ज आहे. कराराने माणसांना एकत्र येण्यापूर्वीच प्रतिस्पर्धी केले आहे, ही गोष्ट चित्रपट कोणत्याही भाषणाशिवाय सिद्ध करतो.

निषेध आणि लाज

चित्रपटातील सर्वांत उघड निषेध अ‍ॅबीचा आहे. रिकीला मारहाण करून लुटले जाते. तो रुग्णालयात बसलेला असताना मॅलोनी फोनवरून फुटलेल्या स्कॅनरच्या १,००० पौंडांची आठवण करून देतो. अ‍ॅबी फोन हिसकावून त्याला शिव्या देते, आणि लगेच आपल्या तोंडून असे शब्द गेले म्हणून लाजेने कोसळते. या दृश्याचे मर्म त्या लाजेत आहे. मागे संघटना असती तर हाच संताप मागणीपत्रात उतरला असता. संघटना नसल्यामुळे तो वैयक्तिक असभ्यता ठरतो, आणि बोलणारीच अपराधी होते.

चित्रपटाची मर्यादाही येथूनच सुरू होते. अखेरीस जखमी रिकी कुटुंबाचा अडथळा झुगारून पुन्हा कामावर निघतो. हा शेवट हेलावून टाकणारा आहे. परंतु त्यामुळे मानवनिर्मित व्यवस्था नियतीसारखी भासू लागते. वास्तवात याच देशात, याच व्यवसायात प्रतिकार चालू होता. जीएमबी संघटनेच्या पाठबळावर हर्मिस कंपनीच्या पार्सल वाटपकर्त्यांनी दाद मागितली आणि २०१८ मध्ये लीड्स येथील न्यायाधिकरणाने त्यांना 'वर्कर' ठरविले. फेब्रुवारी २०१९ मध्ये या संघटनेने त्याच कंपनीशी करार केला. त्यानुसार इच्छुक वाटपकर्त्यांना सशुल्क रजा, ताशी किमान ८.५० पौंड कमाईची हमी आणि संघटनेचे प्रतिनिधित्व मिळाले. मोबदल्यात कंपनीने आखलेला मार्ग त्यांनी पाळावयाचा होता. हा करार पूर्ण नोकरीचे हक्क देत नव्हता, त्यामुळे तो विजय की तडजोड याविषयी मतभेद संभवतात. तथापि विखुरलेली माणसे एकत्र येऊ शकतात, एवढे त्याने निश्चित दाखविले. या शक्यतेची पुसटशी छायाही रिकीच्या डेपोवर पडत नाही.

लोच यांनी प्रचारकी शेवट टाळला, असा बचाव यावर करता येईल आणि तो काही अंशी ग्राह्यही आहे. परंतु प्रश्न विजय दाखविण्याचा नव्हता. डेपोतील दोन चालकांनी आपापले हिशेब एकमेकांसमोर मांडले असते, एवढा एक प्रसंगही पुरेसा ठरला असता; कारण अशा व्यवसायात संघटनेचा आरंभ बहुधा तेथूनच होतो.

निष्कर्ष

पार्सल घरी कोणी नसल्यामुळे परत नेले, हे कळविणाऱ्या चिठ्ठीतील वाक्य या चित्रपटाचे शीर्षक झाले आहे. कुटुंबीय परस्परांना दुरावतात, हा त्याचा सर्वपरिचित अर्थ. वरील विवेचनाच्या आधारे आणखी एक अर्थ संभवतो. कामगार आणि संघटना यांचीही येथे चुकामूक झाली आहे. एक जण दिवसभर रस्त्यावर आहे, दुसरी जुन्या छायाचित्रात आहे. ही चुकामूक कशी घडविली गेली, याचे अचूक निदान चित्रपट करतो. ती कायमची आहे, हे त्याच्या शेवटातून सूचित होणारे अनुमान मात्र स्वीकारता येत नाही. वृद्धेचा आठ तासांविषयीचा प्रश्न चित्रपटाने डेपोपर्यंत पोहोचू दिला नाही. श्रमविषयक कलाकृतींच्या पुढील वाटचालीत तो तेथे विचारला जाणे आवश्यक आहे.