सम्राट आणि सभासद

सहकारी साखर कारखान्याने महाराष्ट्रातील ग्रामजीवनाचा कायापालट घडवून आणला, हे अर्थशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. मराठी वाङ्मयाने मात्र या संस्थेचा परिचय प्रायः एकाच मुखवट्याच्या द्वारे करून दिला. तो मुखवटा म्हणजे साखरसम्राट. महाराष्ट्राबाहेरील वाचकाला तर दुसरे काही ठाऊक असण्याचे कारणच नाही.

या मुखवट्याचे सर्वांत समर्थ चित्रण ‘सामना’मध्ये आढळते. विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यातील हिंदुराव धोंडे पाटील हा केवळ खलपुरुष नव्हे. तो कर्तबगार आहे, अगत्यशील आहे. आश्रय दिलेल्या व्यसनी मास्तराविषयी त्याला एक प्रकारचा जिव्हाळाही वाटतो. तथापि त्याच्या सत्तेचे स्वरूप उघड करण्यासाठी तेंडुलकरांना मारुती कांबळेच्या नाहीशा होण्याचा आधार घ्यावा लागतो. नाट्यदृष्ट्या ही योजना बिनतोड आहे. परंतु तीमुळे एक मूलभूत प्रश्न बाजूला पडतो. भाग कितीही असोत, सहकारी कारखान्यात सभासदाला मत एकच. मग शेकडो-हजारो शेतकऱ्यांनी आपल्याच मतांनी एका माणसाला सम्राट कसे केले?

याचे उत्तर गुन्ह्यात नाही, उसाच्या फडात आहे. ऊस पक्व झाला की तो वेळेवर तुटला पाहिजे. तोडणी लांबली की तुरे येतात, वजन घटते, उतारा उतरतो. शिवाय ते रान पुढच्या पिकासाठी मोकळे होत नाही. कोणाच्या फडात टोळी आधी जाणार, हे कारखान्याची नोंदवही ठरवते. वार्षिक सभेत प्रश्न विचारण्यासाठी उठू पाहणाऱ्या सभासदाच्या मनात वाळत चाललेला आपला ऊस उभा असतो, आणि तो पुन्हा खाली बसतो. येथे रक्ताचा थेंबही सांडत नाही. ही भीती एवढी क्षुल्लक, एवढी व्यवहारी आहे की आपल्या कथाकारांना ती वाङ्मयाचा विषय वाटली नसावी.

त्या खाली बसण्याचे दुःख कळायचे, तर आरंभीचे उठणेही ध्यानी घ्यावे लागते. लोणीच्या प्रवरा कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून भागभांडवल गोळा केले आणि अध्यक्षपदी पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ बसले. सावकाराच्या ओसरीवर उभे राहणारे शेतकरी एका यंत्रशाळेचे मालक झाले! ही घटना स्वभावतःच महाकादंबरीची होती. ती चरित्रांत आणि गौरवग्रंथांत विसावली.

आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीत ट्रॅक्टर येतो आणि शेतावरची जनावरे जातात. हे सारे नारबा या गड्याच्या नजरेतून, त्याच्याच बोलीत उमटते, म्हणून ते यंत्र वाचकाला भिडते. गव्हाण, मळी, उतारा या शब्दांना असा नारबा लाभलेला नाही.

अनुवादकाची अडचण येथूनच सुरू होते. ‘साखरसम्राट’ कोणत्याही भारतीय भाषेत सहज उतरतो. ‘कोयता’ मात्र उतरत नाही. बीडकडून येणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजली जाते. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पण हिशेबात ती वेगळी नसते. अन्य भाषेत हा शब्द गेला की हाती उरते केवळ एक हत्यार. तळटीप देता येईल. परंतु मूळ मराठी कथेतच ती बाई सम्राटाच्या मोटारीमागच्या धुळीत दिसेनाशी झाली असेल, तर अनुवादकाने तळटीप लावायची कोणत्या ओळीला?