तुम्हाला काय आवडतं, वहिनी?

माझी एक मावशी डोंबिवलीला असते. पंधराएक वर्षांपूर्वी तिच्या घरी 'होम मिनिस्टर'चं चित्रीकरण झालं. आठवडाभर आधीपासून घर घासून-पुसून लख्ख, पडद्यांना इस्त्री, शोकेसमधल्या बाहुल्यांनाही आंघोळ. आम्ही लातूरला टीव्हीसमोर साडेसहाच्या आधीच ठिय्या मारून बसलो होतो. कार्यक्रमात काकांना विचारलं गेलं, वहिनींचा आवडता पदार्थ कोणता? काका ठामपणे म्हणाले, अळूवडी. मावशीच्या पाटीवर श्रीखंड होतं. अळूवडी काकांना आवडते, म्हणून मावशी ती दर पंधरा दिवसांनी करते. ती स्वतः एक तुकडाही खात नाही. सगळे हसले, मावशीही हसली. पैठणी शेजारच्या बाईंना मिळाली.

दिवाळीत भेटल्यावर मी तिला विचारलं, हरलीस म्हणून वाईट वाटलं का? ती म्हणाली, "हरण्याचं काय रे. पंचवीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, तुम्हाला काय आवडतं म्हणून. त्यांनी विचारलं."

मी तेव्हा पुण्यात शिकत होतो, नवं-नवं वाचत होतो आणि त्या कार्यक्रमाकडे नाक मुरडून बघत होतो. बाईला पैठणीत गुंडाळून पुन्हा स्वयंपाकघरात बसवणारा कार्यक्रम, असं माझं तयार मत होतं. मावशीच्या त्या वाक्यानं मत बदललं नाही, पण त्याला तडा गेला. मराठी टीव्हीवरच्या मालिका सोडून उरलेल्या गोष्टींकडे, म्हणजे गाण्याच्या स्पर्धा, विनोदी प्रहसनं, घरात कोंडून घातलेली माणसं यांच्याकडे मी तेव्हापासून एका वेगळ्या प्रश्नासह बघत आलो आहे. इथे कुणाला काय विचारलं जातं? आणि त्याचं उत्तर आल्यावर कोण हसतं?

'होम मिनिस्टर' २००४ साली सुरू झाला आणि थोडीथोडकी नाही, दीड दशकाहून जास्त चालला. आदेश बांदेकर त्यात 'भावोजी' आणि समोरची बाई 'वहिनी'. या दोन शब्दांत सगळा कार्यक्रम आहे. भावोजी म्हटल्याबरोबर परका पुरुष घरात शिरू शकतो, बाईशी थट्टा करू शकतो, सासूला हसवू शकतो, आणि कुणाला काही वावगं वाटत नाही. दिराच्या नात्याला आपल्याकडे तेवढी सूट असतेच. पण वहिनी म्हणजे कुणाची तरी बायको. तिच्या नावाच्या आधी तिचं नातं येतं, आणि तेही नवऱ्याकडून आलेलं. कार्यक्रम तिला पदार्थ विचारतो, रंग विचारतो, लग्न कसं जमलं ते विचारतो, उखाणा घ्यायला लावतो. घर कुणाच्या नावावर आहे हे तो विचारत नाही. नावात 'मिनिस्टर' असलं तरी खातं गृहखातंच, आणि बजेट दुसऱ्याच्या हातात. २०२२ मध्ये 'महामिनिस्टर' आला, अकरा लाखांची पैठणी घेऊन. साडीची किंमत वाढली की बाईची वाढते, अशी काहीतरी समजूत त्यामागे असावी. मला विचाराल तर तिथे कार्यक्रमानं स्वतःचीच गंमत घालवली. साध्या पैठणीत निदान मावशीला परवडणारं स्वप्न होतं.

तरीही मी त्याला फेकून देऊ शकत नाही. दिवसभर कुणाला न दिसणारी एक बाई अर्धा तास मधोमध उभी राहायची आणि बाकीचं घर तिच्याभोवती. त्या अर्ध्या तासात कितीतरी अळूवड्या उघड्या पडल्या असतील.

याच काळात लहान मुलांचा 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स' आला. २००८-०९चा तो हिवाळा मराठी घरांत अजून आठवला जातो. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे आणि आमच्या लातूरचा रोहित राऊत. पल्लवी जोशीचं निवेदन, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. मुलं खरंच चांगली गायची. जुनी नाट्यगीतं, अभंग, लावण्या असं सगळं एका पिढीनं त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं. माझ्या वयाच्या कितीतरी मुलांना नाट्यसंगीत नावाची गोष्ट असते हे या कार्यक्रमातून कळलं, हे कबूल करायला लाज कसली.

पण मला आठवतं ते आमच्या गल्लीतलं वातावरण. मोबाइलचं रिचार्ज संपेपर्यंत लोक रोहितला एसएमएस पाठवत होते. माझे एक चुलते, ज्यांनी जन्मात कधी गाणं ऐकलं नव्हतं, ते 'पुण्यावाल्यांना दाखवून देऊ' म्हणून हिरिरीनं बटणं दाबत होते. गाण्याची स्पर्धा आता गावांची झाली होती. एसएमएसनं ही करामत केली. ज्याला सूर कळत नाही त्यालाही मत देता येतं, आणि ज्याला मत द्यायचंय त्याला कारण लागतं. मग कारण म्हणून गाव येतं, गरिबी येते, आईच्या डोळ्यांतलं पाणी येतं. गाण्याआधी मुलाची गोष्ट दाखवायची सवय पुढे प्रत्येक स्पर्धेला लागली. आज एखादा स्पर्धक मंचावर आला की त्याच्या घराचं छप्पर आधी दिसतं, आवाज नंतर ऐकू येतो. २००९च्या महाअंतिम फेरीत कार्तिकी जिंकली. आमच्या गल्लीत सुतक. त्या पाच जणांचं 'पंचरत्न' हे नाव मात्र टिकलं. २०२१च्या पर्वात तेच पाच जण परीक्षकांच्या बाजूला बसले आणि २०२३ मध्ये मुग्धा-प्रथमेशचं लग्न झालं, तेव्हा माझ्या आईनं 'आपल्या घरातलं कार्य' असल्यासारखे फोटो पाहिले. टीव्हीनं दिलेली ही नाती खोटी म्हणावीत तर आईचा आनंद खरा होता.

आता विनोदाकडे येतो. माझं खरं दुखणं तिथेच आहे.

पुण्यात वसतिगृहात पहिल्या आठवड्यात मी एका मुलाला सहज विचारलं, "काय करलालास?" खोलीत हशा पिकला. मग महिनाभर मला ते वाक्य पुन्हा-पुन्हा म्हणायला लावलं गेलं. कुणी नवा आला की त्याच्यासमोर खास प्रयोग. मीही करत होतो. दुसरा इलाजच नव्हता, आणि खरं सांगायचं तर टाळी मिळत होती. वर्षभरात मी 'काय करतोयस' म्हणायला शिकलो. आता घरी फोन करतानासुद्धा 'करलालास' तोंडातून पटकन निघत नाही.

म्हणून 'फू बाई फू' आणि नंतर 'चला हवा येऊ द्या' बघताना माझ्या पोटात नेहमी दोन गोष्टी एकदम व्हायच्या. भारत गणेशपुरे वऱ्हाडीत बोलायला लागले की मी खदाखदा हसायचो, आणि लगेच बघायचो की हसतंय कोण. गणेशपुरे स्वतः अमरावतीकडचे. त्यांच्या वऱ्हाडीत नक्कल नसते. तो माणूस त्या भाषेत विचार करतो, चिडतो, खोचक बोलतो, मोठ्या हिरोलाही गुंडाळतो. भाषा तिथे हत्यार असते. हे मोठं काम आहे, आणि त्यांच्या आधी मकरंद अनासपुरे यांनी सिनेमात मराठवाड्याच्या बोलीसाठी ते केलं होतं. पण त्याच मंचावर इतर प्रहसनांत गावाकडची बोली म्हणजे बावळटपणाची खूण असायची. पात्रानं तोंड उघडलं की लेखकानं विनोद लिहायची गरजच उरायची नाही.

'चला हवा येऊ द्या' २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षं त्या मांडणीत चालला. थुकरटवाडी नावाचं गाव, डॉ. निलेश साबळेंचं निवेदन, आणि नव्या सिनेमाची जाहिरात करायला आलेले नट. पाहुणा सोफ्यावर, गाव त्याच्यासमोर. आलेला शहरी तारा हसतो तेव्हा गावाला मान्यता मिळते, अशी ती रचना होती. 'हसताय ना? हसायलाच पाहिजे' हे साबळेंचं पालुपद प्रेमळ आहे, पण त्यातला 'च' मला कायम टोचायचा. भाऊ कदमांसारखा नट मिळाला म्हणून हे सगळं तरून गेलं. भाऊ काही न बोलता नुसतं बघतात त्यातही विनोद असतो. वाक्य विसरल्यासारखं थांबणं, समोरच्याकडे केविलवाणं पाहणं, आणि मग भलत्याच दिशेनं सुटणं. त्यांची साडीतली 'शांताबाई' लोकांना आवडली. पण सारखे पुरुष साडी नेसत राहिले आणि मूळ चमूत बाई म्हणून बराच काळ जवळजवळ एकट्या श्रेया बुगडे. ती एकटी चौघांना पुरून उरायची, ही तिची कर्तबगारी. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या का होत्या, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

त्यात एक पोस्टमन यायचा. सागर कारंडे ते पत्र वाचायचे, लिहिलेलं असायचं अरविंद जगताप यांचं. तासभर खोखो हसवून झाल्यावर शेतकऱ्याचं, सैनिकाचं, म्हाताऱ्या आईबापाचं पत्र. पाहुण्यांचे डोळे भरून यायचे, कॅमेरा बरोबर तिथे. मी या पत्रांवर चिडायचो, कारण हसण्याची भरपाई रडून करायची ही शाळेतल्या स्नेहसंमेलनाची रीत. पण काही पत्रं खरोखर चांगली लिहिलेली होती. आमच्याकडच्या दुष्काळाबद्दल त्या वेळी करमणुकीच्या वाहिनीवर दुसरं कोण बोलत होतं?

'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ मध्ये सोनी मराठीवर आला आणि माझ्या मते या सगळ्यांत वरचढ ठरला. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांनी पाहुण्यांना फाटा दिला आणि सगळा भार प्रहसनावर टाकला. दुसरं म्हणजे बायका. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात, शिवाली परब, चेतना भट, ईशा डे. इथे बाईचं काम बाई करते आणि ती नुसती समोरच्याला वाक्यं पुरवत नाही. समीर चौघुले-विशाखा सुभेदार यांची जोडी समोरासमोर उभी राहिली की दोन तरबेज माणसं कॅरम खेळताना बघितल्यासारखं वाटायचं. नम्रता संभेरावची 'लॉली' मला तिच्या बडबडीपेक्षा तिच्या आत्मविश्वासासाठी आवडते. आपण हास्यास्पद आहोत हे तिच्या गावीही नसतं, त्यामुळे तिला हसणारा आपोआप लहान होतो. वसतिगृहात मला हे जमलं असतं तर!

दोष नाहीत असं नाही. वनिता खरातचं वजन, गौरव मोरेचा रंग आणि केस, हे विनोद पहिल्यांदा ऐकताना धीट वाटतात. शंभराव्यांदा ते उधारीचे वाटतात. नट स्वतःच स्वतःवर विनोद करतो तेव्हा प्रेक्षकाला मोकळीक मिळते. मी वसतिगृहात तेच करत होतो, म्हणून मला त्या मोकळिकीचा भरवसा वाटत नाही. गौरव मोरेनं 'फिल्टरपाड्याचा बच्चन' म्हणून स्वतःच्या वस्तीचं नाव छातीठोक उच्चारलं, तिथे मात्र गणित उलटलं. पवईच्या इमारतींपलीकडची एक वस्ती घराघरांत पोचली, आणि तीही शरमेशिवाय.

राहता राहिला 'बिग बॉस'. मूळ नेदरलँड्सचा, १९९९चा. आपल्याकडे मराठीत २०१८ मध्ये आला आणि महेश मांजरेकरांच्या हातात त्याची शनिवार-रविवारची 'चावडी' झाली. हे बारसं अचूक होतं. चावडीवर जे चालतं तेच इथे चालतं. कुणी कुणाला काय म्हणालं याचा पंचांसमोर निवाडा. मी तो फारसा बघत नाही. शंभर दिवसांच्या भांडणाचा कंटाळा येतो. पाचवं पर्व मात्र बघितलं. २०२४चं, रितेश देशमुखचं, सत्तर दिवसांचं. कारण सूरज चव्हाण.

बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा, गरिबीत वाढलेला, 'झापुक झुपूक' म्हणत रील्स करणारा हा मुलगा त्या घरात सुरुवातीला कोपऱ्यात बसून असायचा. डावपेच जमत नव्हते, समोरच्यांची भरभर मराठी झेपत नव्हती. मला तो बघवत नव्हता आणि सोडवतही नव्हता. मग बाहेरच्या लोकांनी त्याला उचलून धरलं आणि तो जिंकला. मीही मत दिलं. चुलत्यांवर हसणारा मी. पण नंतर वाटत राहिलं की आपण नेमकं कशाला मत दिलं? तो 'साधा' होता, उलट बोलत नव्हता, सतत आभार मानत होता. तोच मुलगा जरा उर्मट असता, हिशेबी असता, त्यानं घरातल्या बाकीच्यांसारखं राजकारण केलं असतं, तर आम्ही त्याला इतकं आपलं म्हटलं असतं का? इतरांना खेळाडू म्हणून मतं मिळतात. सूरजला गुणी मुलगा म्हणून मिळाली. ट्रॉफी तीच, पण त्याच्यासाठी परीक्षा वेगळी लावलेली होती. हे त्याच्या यशाला उणं नाही. उणं आमच्या हिशेबात आहे.

परवा डोंबिवलीला गेलो होतो. काका आता थकलेत, मावशीला रात्री झोप येत नाही. ती फोनवर 'हास्यजत्रे'चे जुने तुकडे बघत पडली होती. प्रहसन रंगात आलं, कॅमेरा परीक्षकांकडे वळला, सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक हसून लोळायला लागले, तसं मावशीनं पडद्यावर बोटानं दोनदा टकटक करून दहा सेकंद पुढे ढकललं. पुन्हा परीक्षक, पुन्हा टकटक.

मी म्हटलं, "अगं, ते किती हसतायत ते बघ की."

"त्यांना हसू दे," ती म्हणाली. "मला नम्रता बघायचीय."