पेशीतील ‘यंत्रमानव’ : एका नावाची छाननी

जिवंत पेशीच्या अंतरंगात शिरणाऱ्या सूक्ष्म साधनांस ‘यंत्रमानव’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. नावामुळे ज्या अपेक्षा उत्पन्न होतात, त्यांवरूनच पुढे संशोधनाचे मोल ठरू लागते. म्हणून या नावाची छाननी अवश्य वाटते.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अंबरीश घोष व त्यांच्या सहकाऱ्यांनी मळसूत्राच्या आकाराचे चुंबकीय कण जिवंत पेशीत फिरविले. ते कार्य २०१८ साली प्रसिद्ध झाले. कणास गती देते ते बाहेरचे फिरते चुंबकीय क्षेत्र, आणि दिशा ठरवितो तो प्रयोगकर्ता. कणास स्वतःचा निर्णय असा नाहीच. (कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातील ‘रोबो’ हा शब्द वेठीच्या मजुरीवरून आलेला आहे, त्या अर्थी नाव चुकले असे म्हणवत नाही.) शिवाय फिरता कण भोवतालचा पेशीद्रव ढवळतो, हे त्याच्याकडून माप घेताना विसरता येत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने केलेले कार्य दिसावयास साधे, पण आमच्या मते अधिक मोलाचे आहे. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यावर उभे राहून मालमोटारी मोजता येतील. कोणत्या इंजिनावर किती ओढ पडते, हे मात्र कळणार नाही. सूक्ष्मदर्शकाची मर्यादा हीच होती. भक्षकपेशीने गिळलेला मणी या गटाने लेसरच्या चिमट्यात धरला; मणी केंद्रापासून किती सरकतो यावरून ओढ मोजली. ती पिकोन्यूटनांत, म्हणजे न्यूटनाच्या लाख-कोटीव्या भागांत, येते. २०१३ साली त्यांनी दाखविले की, ‘डायनीन’ हे मोटर-प्रथिन एकेकटे दुर्बळ असले तरी भार वाढताच आखूड पावले टाकते. त्यामुळे पुढचे मागच्यांजवळ येतात व भार वाटून घेतला जातो. एकेकटे बलवान असलेल्या ‘कायनेसिन’ला हे साधत नाही.

दोन आक्षेप तरीही उरतात. पेशीद्रवाचे गुणधर्म जागोजाग बदलतात, तेव्हा चिमट्याचे अंशांकन पाण्यात होते तितके निःशंक राहत नाही. दुसरे असे की, गिळलेला मणी हे पेशीचे नित्याचे ओझे नव्हे. या दुसऱ्या आक्षेपापुरते पाहता, याच गटाचे यकृतातील मेदबिंदूंवरील २०१९ चे काम लक्षणीय आहे. तेथे ओझे पेशीचे स्वतःचे आहे, आणि इन्शुलिनमुळे त्याची वाहतूक सुरू होते असे आढळले.