झुंड, मोहोळ आणि दिंडी

गर्दीविषयी बोलू लागलो की आपल्या तोंडी पहिला दृष्टान्त मेंढरांचा येतो. 'गतानुगतिक' हे विशेषणही आपण बहुधा तुच्छतेनेच योजतो. समूहात शिरताना माणूस आपली बुद्धी उंबरठ्याबाहेर ठेवतो, ही समजूत सुशिक्षितांत इतकी रुळली आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कोणास वाटत नाही. या टिपणात ती तपासण्याचा आमचा प्रयत्न आहे. त्यासाठी आम्ही तीन परकी ग्रंथ वाचले आणि आपल्या वारीकडे त्यांच्या उजेडात पुन्हा एकदा पाहिले.

पहिला ग्रंथ गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाचा. तो १८९५ साली प्रसिद्ध झाला आणि गर्दीच्या मानसशास्त्राचा आद्यग्रंथ म्हणून आजही त्याचे नाव घेतले जाते. ल बाँचे म्हणणे असे की, समूहात व्यक्तीचे स्वत्व विरघळते, भावना साथीच्या रोगासारख्या पसरतात आणि विद्वानही अडाण्याच्या पातळीवर उतरतो. त्याची शैली ठसकेबाज आहे. प्रत्येक वाक्य निकालपत्रासारखे येते. पण पुरावा शोधू गेल्यास हाती थोडे लागते. १८७१ च्या पॅरिस कम्यूनचा काळ त्याने पाहिला होता, आणि रस्त्यावर उतरलेल्या श्रमिकांची सुखवस्तू वर्गाला वाटणारी भीती त्याच्या पानापानांतून डोकावते. हा लेखक गर्दीकडे पाहतो तो खिडकीतून. खाली चाललेल्या माणसांपैकी एकालाही तो थांबवून विचारीत नाही.

हा दोष केवळ वाङ्मयीन असता तर आम्ही त्याची चर्चा लांबवली नसती. परंतु गर्दीला निर्बुद्ध ठरविण्याची किंमत मृतांना मोजावी लागते. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड शहरी हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिच्यात अखेर ९७ माणसे दगावली. प्रारंभी दोष प्रेक्षकांच्या बेबंद वागण्यावर टाकण्यात आला. आधीच भरलेल्या कठड्यांकडे जाणारे दार पोलिसांच्याच आदेशाने उघडले गेले होते, आणि प्रेक्षकांचा यात काही अपराध नव्हता, हे ज्यूरीने निःसंदिग्धपणे सांगितले ते २०१६ साली, सत्तावीस वर्षांनी. आपल्याकडे २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवी येथे काळूबाईच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविक गेले. अरुंद वाट आणि दुतर्फा दुकाने अशी ती जागा होती. तरीही 'अडाणी लोक, अंधश्रद्धा, दुसरे काय होणार' असे उद्गार आम्ही चांगल्या घरांतून ऐकले. ते ल बाँचेच उद्गार होते. उच्चारणाऱ्यांनी त्याचे नावही ऐकले नसेल, इतकेच.

वस्तुतः अशा ठिकाणी माणसे वेडी होऊन मरत नाहीत. चौरस मीटरमागे सहा-सात माणसांपलीकडे दाटी गेली की कोणाचेही पाऊल त्याच्या स्वाधीन राहत नाही. देह पाण्यासारखे लोटले जातात, आणि मृत्यू बहुतेकदा छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने येतो. पुढे कोणी पडले आहे हे मागच्यांना कळत नाही. ते पूर्वीप्रमाणेच पुढे सरकत राहतात, कारण त्यांच्या दृष्टीने तेच शहाणपणाचे असते. येथे बुद्धीचा अभाव नाही. अभाव आहे तो पुढची वार्ता मागे पोहोचविण्याच्या सोयीचा.

ही सोय निसर्गात कशी असते हे दुसऱ्या ग्रंथावरून उमगते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे टॉमस सीली यांनी मधमाश्यांच्या 'लोकशाही'वर लिहिलेला हा ग्रंथ २०१० चा. मोहोळ फुटले म्हणजे हजारो माश्या फांदीला लोंबकळत राहतात आणि त्यांतल्या काही शेकडा अनुभवी माश्या नव्या घराच्या शोधास निघतात. परतलेली प्रत्येक माशी नाचून आपल्या जागेची दिशा आणि अंतर सांगते. जागा जितकी चांगली, तितका नाच अधिक वेळ. मात्र दर फेरीगणिक तिचा आवेश आपोआप ओसरत जातो. आपलेच खरे करण्याचा हट्ट कोणी धरीत नाही. एखाद्या जागी वीस-तीस शोधक माश्या एकाच वेळी जमल्या की निर्णय झाला. राणीला यात मत नसते. ग्रंथानंतर, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आणखी एक गोष्ट पुढे आली. दुसऱ्या जागेच्या पुरस्कर्त्या माश्या नाचणारीला डोक्याने ढुशी देऊन, बारीक आवाज करून थांबवू पाहतात. विरोधालाही तेथे ठरलेली खूण आहे.

सीली यांचे गद्य साधे, प्रामाणिक आणि निरीक्षणाने भरलेले आहे. ते मोहोळाशेजारी बसून लिहितात. तथापि शेवटी आपल्या विभागाच्या सभांना माश्यांचे धडे लावू पाहतात, तेथे आमचे त्यांच्याशी जुळत नाही. माश्यांचे हित एकच असते आणि घराच्या शोधात त्यांना खोटे बोलण्याचे कारण नसते. माणसांच्या सभेत दोन्ही गृहीत धरता येत नाहीत.

ही उणीव एलियास कानेट्टी भरून काढतात. त्यांचा समूह आणि सत्ता यांवरील जर्मन ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला; १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जुलै १९२७ मध्ये व्हिएन्नाचे न्यायमंदिर जळत असता ते स्वतः त्या जमावात होते. म्हणूनच अनोळखी स्पर्शाचे भय गर्दीत नाहीसे होते, हे त्यांचे निरीक्षण अनुभवाचे वाटते. पुढे पुराणकथांच्या ढिगात ग्रंथ हरवतो, हे खरे. पण दोन गोष्टी त्यांनी कायमच्या देऊन ठेवल्या. एक, दूरच्या ध्येयाकडे चाललेल्या यात्रेकरूंचा 'संथ समूह' हा दंगलीच्या जमावाहून जातीनेच वेगळा. आणि दुसरी, प्रत्येक आज्ञा पाळणाऱ्याच्या मनात एक काटा रुतवून जाते. समूहाला वळण लावू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा काटा लक्षात ठेवावा.

काटा न रुतवता वळण लावता येते काय? आम्हांला याचे उत्तर वारीत दिसते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले ते हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. सोहळ्याचे अश्व येतात ते बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. आपल्यापैकी अनेकांच्या गावांचा या व्यवस्थेशी असा जुना संबंध आहे. रथापुढे आणि रथामागे दिंड्यांचे क्रम ठरलेले. दिंडीत टाळकरी, मृदंग, विणेकरी यांच्या जागा ठरलेल्या. वारकऱ्याला लाखांचे भान ठेवावे लागत नाही. आपली दिंडी आणि आपला विणेकरी सांभाळला की पुरे.

परंतु खरी गोष्ट मुक्कामावरची. समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावून 'होऽ' असा पुकारा करतो आणि तो अफाट समुदाय एकदम शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकले जाते, निवाडा होतो, मग आरती. दंड उचलणाऱ्यावर येथे ऐकण्याचीही जबाबदारी आहे, आणि गप्प न बसण्याचा हक्क रूढीनेच दिलेला आहे.

या चित्राला आम्ही सोन्याचा मुलामा देऊ इच्छीत नाही. इरावती कर्वे वारीत स्वतः चालल्या. 'परिपूर्ती'तील 'वाटचाल' या लेखात त्यांनी एकाच वाटेवर चालणाऱ्यांच्या जातवार वेगळ्या पंगतींचे शल्य नोंदवून ठेवले आहे. शिस्त म्हणजे समता नव्हे. शिवाय एका दिवसाच्या यात्रेत परस्परांना अनोळखी माणसे लोटतात. त्यांना ना दिंडी, ना विणेकरी. तेथे येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी हवी, आत सोडायच्या माणसांची मोजदाद हवी, आणि पुढचा आकांत मागच्या दारापर्यंत तत्काळ नेऊन ते दार थांबवू शकेल असा अधिकारी माणूस हवा. हे सारे यात्रेपूर्वी करण्याचे काम आहे, आणि ते यात्रेकरूंचे नव्हे.

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी वाचताना मेंढरांचा दृष्टान्त ओठांवर आला, तर क्षणभर थांबावे. टाळ वाजत होते काय, आणि ते ऐकायला कोणी होते काय, एवढेच आधी विचारावे.