मठाधिपतींचा पत्रव्यवहार

ग्रेगोर मेंडेल म्हटले की जगाने उपेक्षिलेला एक बिचारा संन्यासी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यांची पत्रे वाचू लागल्यावर ही करुण प्रतिमा फार काळ टिकत नाही.

ब्रून (आजचे ब्र्नो) येथील ऑगस्टिनियन मठातून त्यांनी १८६६ ते १८७३ या काळात म्युनिकचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांना लिहिलेली दहा पत्रे उपलब्ध आहेत. नेगेलींचे शिष्य कॉरेन्स यांनी ती १९०५ मध्ये प्रसिद्ध केली. वाटाण्यावरील प्रयोगांविषयी नेगेली साशंक होते. मेंडेल त्यांच्याशी वाद घालत नाहीत. प्रयोगांची रीत सविस्तर सांगतात आणि स्वतः पडताळून पाहावे म्हणून बियांच्या १४० पुड्या धाडतात. भाषा शिष्याची, पण मुद्दा तसूभरही न सोडणारी!

मात्र या पत्रांचे खरे मोल हॉकवीडच्या प्रकरणात आहे. नेगेलींच्या आवडीच्या या रानफुलाचा संकर करताना भिंगाने काम करून मेंडेलांचे डोळे दुखावले. एवढ्या श्रमांनंतर हाती आले ते वाटाण्याच्या अगदी उलट: संकरित झाडांची संतती एकसारखीच निघू लागली. स्वतःच्या सिद्धान्ताला छेद देणारे हे निष्कर्ष त्यांनी नेगेलींना जसेच्या तसे कळवले, छापलेही. हॉकवीड बहुधा फलनावाचूनच बी धरते, हे विसाव्या शतकाच्या आरंभी उमगले. प्रतिकूल पुरावा इतक्या शांतपणे मांडणारी पत्रे विज्ञानाच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागतील.

१८६८ मध्ये ते मठाधिपती झाले. मे १८७४ च्या कायद्याने मठांच्या मालमत्तेवर धर्मनिधीसाठी कर बसवला, तेव्हा त्यांच्या लेखणीने दुसरेच रूप धारण केले. सरकारी कचेऱ्यांकडे हरकतींमागून हरकती गेल्या. कर नाकारल्याने मठाच्या मिळकतीवर जप्ती आली, तरी १८८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते हटले नाहीत. चिकाटी तीच, पण प्रतिपक्षाचे ऐकून घेणारा तो बागेतला कान इथे हरवलेला दिसतो. त्यांच्या चाहत्यांनी या लढ्याला हौतात्म्याची झळाळी दिली आहे; मला ती पटत नाही. मठाच्या हक्कांची त्यांची कळकळ निःसंशय खरी होती, पण तिची किंमत फार मोठी पडली.

ती किंमत दहाव्या पत्रात आधीच डोकावते. नोव्हेंबर १८७३ मधल्या त्या पत्रात, कारभारापायी आपली झाडे आणि मधमाश्या दुर्लक्षित राहतात याची खंत ते नेगेलींना कळवतात. कराचा कायदा यायला तेव्हा सहा महिने अवकाश होता.