मोरपंखीचा कस

मॉनिटर घ्यायला कराडला गेलो तेव्हा खिशात दोन वस्तू होत्या. पेन ड्राइव्हमध्ये माझे चार फोटो, आणि कागदाच्या पुडीत कापडाच्या कतरणी. कतरणी शेजारच्या शिंप्याकडून मागून आणलेल्या: मोरपंखी, डाळिंबी, आमसुली, श्रीखंडी, चिंतामणी. फोटोंतल्या एकात याच कतरणी दुपारच्या उजेडात मांडून टिपलेल्या होत्या. दुकानात भिंतभर मॉनिटर लावलेले, आणि सगळ्यांवर रंगीत माशांचा एकच व्हिडिओ. तो व्हिडिओ बघताना कुठलाच मॉनिटर डावा वाटत नाही. म्हणून आधी विनंती केली की मासे राहू द्या, माझे फोटो लावा.

कतरणी का नेल्या, ते सांगायला हवं. कडेगावात मी लग्नाचे अल्बम करतो. पुष्कळ वर्षं संगणकाला बत्तीस इंची टीव्ही जोडून काम केलं. टीव्ही लांबून बघायसाठी घडवलेला असतो. तो आपणहून कडा धारदार करतो, रंग चढवतो, उजेड वाढवतो. त्यावर प्रत्येक फोटो देखणा दिसायचा आणि देखणा दिसला की मी हात आवरायचो. एकदा एका नवरीची आई अल्बम घेऊन परत आली. चिडलेली नव्हती. तिनं पिशवीतून शालू काढला, दाराशी उजेडात उलगडला आणि त्यावर अल्बमचं पान ठेवलं. म्हणाली, ‘‘दादा, ह्यो डाळिंबी हाय. तुमच्या फोटूत आमसुली झालाय.’’

मी वाकून बघितलं. खरंच होतं. डाळिंबीत एक ओली लाली असते, दाणा नुकता फुटल्यासारखी. आमसुलात तीच लाली वाळून आत गेलेली असते. पानावरचा शालू वाळला होता. छापणाऱ्याची यात काही चूक नव्हती. फाइलच मी तशी पाठवली होती. अल्बम पुन्हा छापून दिला. शालू मात्र त्या दिवसापासून डोक्यातून गेला नाही.

आपल्याकडच्या बायका रंगाला वस्तूचं नाव देतात आणि त्या नावात रंगाची छटा, चमक, ओलावा सगळं बसवतात. ‘लाल’ म्हटल्यावर दुकानदार वीस साड्या टाकतो. ‘डाळिंबी’ म्हटल्यावर तीन. इतकं नेमकं बघणाऱ्या गिऱ्हाइकासाठी काम करायचं, तर माझ्या पुढ्यातला पडदाही तितकाच नेमका हवा. मॉनिटरच्या खोक्यावर १०७ कोटी रंग असं छापलेलं असतं. दहा बिटांचा हिशेब म्हणून ते बरोबरच आहे. आठ बिटांत १ कोटी ६७ लाख भरतात. पण डाळिंबी आणि आमसुलीमधलं अंतर तो राखतो का, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. ते बघावं लागतं.

दुकानात पहिली गंमत मोरपंखीनं दाखवली. १९९६ साली ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून एसआरजीबी नावाची रंगांची हद्द आखली. साधे मॉनिटर, फोन, फोटो छापणाऱ्या बहुतेक लॅब आजही त्याच हद्दीत चालतात. ही हद्द हिरव्या-निळ्याच्या सीमेवर तोकडी पडते, आणि मोरपंखी नेमका तिथेच राहतो. १९९८ मध्ये आलेल्या अ‍ॅडोबी आरजीबीनं त्याच बाजूला कुंपण पुढे सरकवलं. साध्या मॉनिटरवर माझी मोरपंखी कतरण नुसती निळसर हिरवी दिसत होती, शाळेच्या गणवेशाच्या पट्ट्यासारखी. रुंद हद्दीच्या मॉनिटरवर तिच्यात खोली आली. कापड हलवलं की जो काळसर निळा आतून झळकतो त्याची चाहूल लागली. त्या क्षणी मी त्या मॉनिटरच्या प्रेमात पडलो, आणि पुढचाच फोटो लावल्यावर सावध झालो.

पुढचा फोटो हळदीचा होता. त्याच रुंद पडद्यावर, दुकानदाराच्या साध्या फोटो बघायच्या प्रोग्रॅममध्ये, नवरदेवाची हळद शेंदरी झाली होती आणि मागे उभ्या मामांचे गाल भाजल्यासारखे. रुंद हद्दीचा पडदा आणि रंगांचा हिशेब न सांभाळणारा प्रोग्रॅम एकत्र आले की असंच होतं: एसआरजीबीतले आकडे पडदा आपल्या मोठ्या मापानं मोजतो आणि सगळंच भडकतं. मॉनिटरच्या मेनूतून एसआरजीबी मोड लावला, तशी हळद पुन्हा हळद झाली. मला वाटतं, रुंद हद्दीपेक्षा हा मोड किती प्रामाणिक आहे हे आधी पाहावं. रंग वाढवणं कुठल्याही पडद्याला जमतं. सांगितल्यावर मागे सरणं चांगल्यालाच जमतं.

आकाराबद्दल मनात घोळ होता. टीव्हीची सवय, त्यामुळे बत्तीसच हवा असं घरून ठरवून निघालो होतो. आमचा अल्बम बारा बाय छत्तीसचा; उघडलेलं पान आडवं छत्तीस इंच. सत्तावीस इंची मॉनिटरची रुंदी साडेतेवीस इंच भरते, म्हणजे पान दोन-तृतीयांश आकारात समोर येतं आणि खाली अवजारांना जागाही उरते. चोवीस इंचीवर पान निम्म्याहून थोडं मोठं दिसतं, तिथे कोपऱ्यातल्या आत्याचा चेहरा शोधावा लागतो. बत्तीसवर तीन-चतुर्थांश. तो मोह मोठा आहे. पण माझं टेबल दोन फूट खोल. एवढ्या जवळून बत्तीस इंचाच्या दोन्ही टोकांकडे मान फिरवावी लागते आणि कोपरे तिरपे दिसतात. सत्तावीसवर फोर-के म्हणजे इंचाला सुमारे १६३ ठिपके. बत्तीसवर तेच १३८. मी सत्तावीसवर आलो आणि त्याचं मला समाधान आहे. वाकडे, खेळांसाठीचे मॉनिटर स्वस्त होते, पण मंडपाचे खांब सरळ आहेत की नाहीत हे वाकड्या पडद्यावर कसं ठरवणार?

आणि पॅनल आयपीएसच. यात माझं मत पक्कं आहे. फोटो निवडायला माझ्याकडे माणूस एकटा येत नाही. नवरा-नवरी खुर्चीत, आई बाजूला, मामा मागे उभे, एखादी करवली खिडकीजवळून डोकावते. जुन्या स्वस्त पॅनलवर मामांना उभ्यानं दिसणारी नवरी आणि आईला बसून दिसणारी नवरी वेगळी असायची. खालून बघणाऱ्याला तर चेहरा निगेटिव्हसारखा काळवंडलेला दिसायचा. मग वाद व्हायचे. हिताचीनं १९९०च्या दशकात आयपीएस पुढे आणलं ते याच दुखण्यावर: पडद्यातल्या द्रवस्फटिकाचे कण उभे न राहता पडद्याला समांतर फिरतात, त्यामुळे बाजूनं बघितलं तरी रंग फारसा ढळत नाही. काळा रंग ओएलईडीइतका गडद नसतो, रात्री अंधारात कोपऱ्यांतून थोडा उजेड पाझरतो, हे मान्य. पण चांगल्या चकचकीत फोटोकागदावरही पांढरा काळ्याच्या साधारण दोनशे पट उजळ असतो. साध्या आयपीएसवर हे प्रमाण हजाराला एक असतं. कागदासाठी काम करणाऱ्याला ते पुरून उरतं.

शालू आमसुली का झाला होता, ते नवा मॉनिटर घरी आल्यावर उमगलं. कारखान्यातून येताना पडद्याचा उजेड तीनशे-साडेतीनशे एककांवर असतो, दुकानात उठून दिसावा म्हणून. छपाईचं काम ऐंशी ते एकशेवीसवर करायचं असतं. जास्त उजेडात फोटो उजळ वाटतो म्हणून मी तो खाली ओढायचो, आणि कागदाला स्वतःचा उजेड नसल्यामुळे पान काळपट यायचं. हे समजल्यावर औंधच्या संग्रहालयाची आठवण झाली. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं, आमच्यापासून फार लांब नाही. रविवर्म्याची, धुरंधरांची चित्रं तिथे दिवसाच्या उजेडात बघावीत. साडीच्या काठाची जर रंगानंच झळकते, चित्रामागे दिवा नसतो. आता संपादनाआधी मी पडद्याचा उजेड ११० वर आणतो. पहिले चार दिवस सगळं मंद वाटलं. पाचव्या दिवशी डोळा बसला आणि टीव्हीकडे बघवेना.

आमच्या तालुक्यातली, खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात देशभर गेली आहेत. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं, हा त्यांचा हातखंडा. लग्नं मात्र गावी येऊन लावतात, आणि अल्बम परमुलखात जातो. सोन्याच्या बाबतीत ही माणसं डोळ्यावर विसंबत नाहीत, कस लावतात. मॉनिटरलाही कस लावायचं यंत्र असतं, मुठीत मावणारं. पडद्यावर मधोमध लटकवायचं, मग पडदा एकेक रंग दाखवतो आणि यंत्र तो मोजून सांगतं की मागितलेला आणि दिसलेला यांत फरक किती. या फरकाला डेल्टा ई म्हणतात. दोनच्या आत राहिला तर साध्या डोळ्याला तो क्वचितच जाणवतो. ज्या मॉनिटरमध्ये ही दुरुस्ती त्याच्या स्वतःच्या आत साठवता येते, आयझोच्या कलरएजसारख्या मालिकांत ती सोय असते, तो महाग पडतो. मला तो परवडला नाही. माझ्याकडे दुरुस्ती संगणकात राहते आणि महिन्यातून एकदा कस लावला की काम भागतं. पैसे थोडे असतील तर मॉनिटर एक पायरी खालचा घ्यावा, पण यंत्र घ्यावं, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

भिंतही बदलली. माझ्या खोलीची भिंत पोपटी होती, आवडीनं रंगवलेली. ती का बदलली, याचं कारण एका जुन्या गोष्टीत आहे. पॅरिसच्या गोबलँ भित्तिपटांच्या कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाईचे प्रमुख होते. काळं सूत पुरेसं काळं दिसत नाही अशी तक्रार आली. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या सुतांमुळे डोळा फसत होता. १८३९ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथच लिहिला. पोपटी भिंतीसमोर बसून मी वर्षानुवर्षं चेहरे कसे दुरुस्त केले असतील, याचा विचार करून जीव कळवळला. आता भिंत राखी आहे.

पेन ड्राइव्हमधला चौथा फोटो ताबुताचा. कडेगावचा मोहरम ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको: शंभर फुटांच्या वर जाणारे अष्टकोनी ताबूत, बांबूच्या कामट्यांचे, आधी कळस आणि मग खाली एकेक मजला करत बांधलेले, हिंदू-मुसलमान दोघांच्या हातांनी. फोटो काढला त्या वर्षी मोहरम जुलैत आला होता, त्यामुळे मागचं आभाळ ढगाळ होतं. हा फोटो एका माळवदावरून काढलेला. टीव्हीवर त्याचं आभाळ निळसर दिसायचं आणि ढगांत पट्टे पडायचे, पायऱ्यांसारखे. मी ते कॅमेऱ्याचं दुखणं समजत होतो.

नव्या मॉनिटरचा पडदा स्टँडवर उभा फिरवता येतो. एका संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तो फिरवला आणि ताबूत लावला. दोन फूट उंचीत तो पहिल्यांदा पुरता मावला. आभाळात पट्टे नव्हते. राखेचा, पाटीचा, ओल्या दगडाचा, असे करडे रंग एकमेकांत शिरत वर गेले होते, आणि त्या करड्यावर राणी, पोपटी, पिवळा कागद न भडकता उभा होता. वर गेलो. कळसाखालच्या तिसऱ्या मजल्यावर मोरपंखी कागदाची एक पट्टी वाऱ्यानं सुटलेली, तिच्या मागची कामटी उघडी पडलेली, कामटीवर सुताचे वेढे. तिथून खाली उतरलो, मजल्यामागून मजला, पार खांदे देणाऱ्यांपर्यंत. चौथ्या माणसानं खांद्यावर ओझ्याखाली पंचा घडी करून घातला होता. पंचा घामानं भिजून एका बाजूनं गडद झाला होता, आणि त्याचा काठ डाळिंबी होता.